आधी खड्याची परीक्षा, मग पथ्य

मुतखड्याचे म्हणून एकच एक पथ्य असते आणि एका कुत्र्याला जे मानवले ते दुसऱ्यालाही बेलाशक द्यावे, अशी जी समजूत श्वानपालकांत सर्रास आढळते, तिचे निराकरण व्हावे म्हणून मी हे लिहीत आहे. कारण तिच्यापायी आमच्या घरच्या एका मुक्या जिवाला अतोनात यातना सोसाव्या लागल्या.

आमचा शंभू डाल्मेशियन जातीचा. त्याच्या लघवीतून रक्त जाऊ लागले, क्ष-किरण चित्रात काहीच दिसले नाही, तरीही लक्षणांवरून कयास बांधून स्ट्रुव्हाइट खडे विरघळवणारे तयार खाद्य सुरू करण्याचा सल्ला मिळाला. आमच्याच आळीतील एका लॅब्रेडॉर कुत्रीला त्याच खाद्याने पूर्ण गुण आल्याचा दाखला समोर असल्यामुळे शंकेला जागा उरली नाही. शिवाय रक्त जाते आहे तर ते भरून यावे म्हणून हितचिंतकांच्या आग्रहाने रोज कलेजीही शिजू लागली.

वस्तुतः त्या कुत्रीचे खडे स्ट्रुव्हाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचे होते. कुत्र्यांत ते बहुधा जंतुसंसर्गामुळे अल्कधर्मी झालेल्या लघवीत जमतात आणि प्रतिजैविकांच्या जोडीने लघवी आम्ल करणारे खाद्य दिले असता विरतात. डाल्मेशियनच्या देहात मात्र आनुवंशिक दोषामुळे युरिक आम्लाचे पुरते रूपांतर होत नाही, ते लघवीत उतरते, आणि त्याचे युरेट खडे नेमके आम्ल लघवीतच धरतात. हे खडे साध्या क्ष-किरण चित्रात बहुधा उमटत नाहीत, त्यासाठी सोनोग्राफी करावी लागते. कलेजीत तर ज्यापासून युरिक आम्ल बनते ते प्युरिन विपुल. म्हणजे औषध आणि खुराक दोन्ही रोगाच्याच पक्षाला जाऊन मिळाले होते. अखेर खडा मूत्रनलिकेत अडकला, शस्त्रक्रिया झाली, आणि काढलेल्या खड्याचे पृथक्करण करविल्यावरच त्याची जात निश्चित झाली.

तेव्हापासून कलेजी, गुर्दा, तारली आणि यीस्टयुक्त पदार्थ यांना आमच्याकडे सक्त मनाई आहे. अंडी, पनीर, भात, दुधी, लाल भोपळा यांवर त्याचा निर्वाह चालतो. परंतु नुसत्या घरच्या अन्नात खनिजांची व जीवनसत्त्वांची उणीव राहते, म्हणून त्याचे प्रमाण पशुवैद्यांकडून ठरवून घेतले आहे. सर्वांत मोठी भिस्त पाण्यावर: अन्न इतके पातळ की लघवीचे विशिष्ट गुरुत्व १.०२० च्या खाली राहावे, आणि तिचा सामू ७ ते ७.५ च्या दरम्यान असावा. ॲलोप्युरिनॉल हे औषध चालू असताना तर प्युरिनच्या बाबतीत यत्किंचितही हयगय परवडत नाही, कारण मग झँथिन या तिसऱ्याच द्रव्याचे खडे होऊ लागतात. अन्य जातीच्या कुत्र्याला युरेट खडे निघाले, तर आधी यकृताची व त्याच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करवावी.

शिह त्झू, ल्हासा अप्सो, मिनिएचर श्नाउझर पाळणाऱ्यांची चिंता निराळी, कारण या कुत्र्यांना बहुधा ग्रासणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे कोणत्याही पथ्याने विरत नाहीत. ते काढावेच लागतात, आणि पुढचे पथ्य ते पुन्हा होऊ नयेत एवढ्यासाठीच. त्यांना पालक, राजगिरा व क जीवनसत्त्वाच्या गोळ्या वर्ज्य. लघवी आम्ल करणारे खाद्यही त्यांना अपायकारकच. परंतु भीतीने अन्नातील कॅल्शियम तोडणे युक्त नव्हे, कारण आतड्यात ऑक्झलेटला बांधून ठेवण्याचे काम तेच करते.

पथ्याचा हा सारा विचार मात्र कुत्र्याला लघवी होत असेल तोवरचा. तो वारंवार पाय उचलून कुंथत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर पाणी पाजून वाट पाहत बसू नये. नराच्या शिश्नात असलेल्या हाडाच्या मागे खडा अडकून मार्ग पूर्ण बंद होतो, मूत्राशय फुटण्याचा किंवा रक्तात विष साचण्याचा धोका असतो, आणि अशा वेळी रात्र असो वा सुटीचा दिवस, जिथे मूत्रनलिकेत नळी घालण्याची सोय आहे अशा पशुचिकित्सालयात त्याला तत्काळ न्यावे.