डीबग माहिती नेमकी कुठे गळाली?

प्रोग्राम कोसळतो, तुम्ही जीडीबी उघडता आणि समोर ओळ येते: ‘नो डीबगिंग सिम्बॉल्स फाउंड’. बॅकट्रेसमध्ये ओळक्रमांक नाहीत, व्हेरिएबल्स नाहीत. कधी फंक्शनच्या नावाजागी नुसती प्रश्नचिन्हे. अशा वेळी बिल्डच्या फाइलींत दिसेल तिथे -जी घालत सुटू नका. डीबग माहिती कंपाइल, लिंक आणि इन्स्टॉल असे टप्पे ओलांडून डीबगरपर्यंत पोहोचते. ती कोणत्या टप्प्यावर गळाली हे आधी शोधा. दुरुस्ती बहुधा एका ओळीची निघते.

ही कृती लिनक्सवर जीसीसी किंवा क्लँगने बांधलेल्या सी आणि सी++ प्रोग्रामसाठी आहे.

लागणारी साधने: जीडीबी, ‘फाइल’ ही आज्ञा, आणि रीडएल्फ, स्ट्रिप व ऑब्जकॉपी. शेवटची तिन्ही बिनयुटिल्स या पॅकेजमध्ये मिळतात.

कृती

१. तुम्ही तपासताय ती फाइल नुकतीच बांधलेलीच आहे ना, याची खात्री करा. बिल्ड फोल्डरमधली एक प्रत आणि इन्स्टॉल झालेली जुनी प्रत यांत गल्लत सहज होते. पूर्ण पाथ आणि फाइलची वेळ पाहा.

२. त्या फाइलवर ‘फाइल’ ही आज्ञा चालवा. उत्तरात ‘स्ट्रिप्ड’ असेल, तर सिम्बॉल्स काढून टाकलेले आहेत. ‘नॉट स्ट्रिप्ड’ वाचून मात्र निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ फंक्शनच्या नावांचा तक्ता शाबूत आहे एवढाच. ओळक्रमांक आणि व्हेरिएबल्सची माहिती वेगळी असते. ती असल्यास ‘विथ डीबग इन्फो’ असा उल्लेख येतो.

३. आता रीडएल्फला मोठ्या एसचा पर्याय देऊन फाइलचे विभाग पाहा. ‘डीबग_इन्फो’ आणि ‘डीबग_लाइन’ हे विभाग हवेत. हीच तपासणी एखाद्या ऑब्जेक्ट फाइलवरही करा. पुढची दिशा इथेच ठरते: ऑब्जेक्टमध्येच विभाग नसतील तर चौथ्या पायरीकडे जा, तिथे असून अंतिम फाइलमध्ये नसतील तर सातव्या.

४. कंपाइलरची खरी आज्ञा बघा. सीमेकने तयार केलेल्या मेकफाइलसाठी मेकला ‘व्हर्बोज=१’ द्या, निंजाला -व्ही. त्या ओळीत -जी आहे का? असेल, तर तिच्यानंतर -जी० आहे का तेही पाहा, कारण शेवटचा पर्याय लागू होतो. केवळ लिंकच्या ओळीत -जी असून भागत नाही. ती प्रत्येक सोर्स फाइल कंपाइल होताना हवी.

५. सीमेक असेल तर बिल्ड टाइप तपासा. तो दिलाच नसेल, तर मेकफाइल आणि निंजा बिल्डमध्ये तो सहसा रिकामा राहतो आणि -जी लागत नाही. ‘रिलीज’मध्येही ती नसते. ‘डीबग’ किंवा ‘रेलविथडेबइन्फो’ निवडा.

६. हाताने लिहिलेली मेकफाइल बदलल्यावर ‘मेक क्लीन’ करून सगळे पुन्हा बांधा. पर्याय बदलले म्हणून मेक आपोआप जुन्या ऑब्जेक्ट फाइली टाकून देत नाही.

७. माहिती लिंकनंतर गायब होत असेल, तर लिंकरच्या पर्यायांत -एस शोधा. बिल्ड फोल्डरमध्ये असून इन्स्टॉलनंतर जात असेल, तर ‘इन्स्टॉल’ आज्ञेला -एस दिला आहे का ते बघा. डेबियनचे पॅकेज बांधताना ही माहिती मुद्दामच काढून वेगळ्या ‘डीबीजीसिम’ पॅकेजात ठेवली जाते. ते पॅकेज बसवा.

८. विभाग आहेत, तरी जीडीबी वाचत नसेल, तर आवृत्त्या जुळवा. जीसीसी ११ पासून ड्वार्फ ५ हे स्वरूप मूळ निवड झाले. जुन्या जीडीबीला ते नीट वाचता येत नाही. नवी जीडीबी घ्या किंवा -जीड्वार्फ-४ देऊन बांधा.

९. ओळी दिसतात, पण व्हेरिएबलजागी ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ येते? मग सिम्बॉल्स हरवलेले नाहीत. ऑप्टिमायझेशनमुळे ते मूल्य त्या जागी उरलेले नाही. तपासापुरते -ओजी वापरून बांधा.

वितरणासाठी

-जी लावल्याने फाइल मोठी होते, पण प्रोग्राम चालताना हे विभाग मेमरीत चढत नाहीत. म्हणून रिलीजसुद्धा -जी लावूनच बांधा. ऑब्जकॉपीच्या ‘ओन्ली-कीप-डीबग’ पर्यायाने माहिती स्वतंत्र फाइलीत काढा, मूळ फाइल स्ट्रिप करा आणि ‘ॲड-जीएनयू-डीबगलिंक’ने दोन्ही जोडा.

बाहेर पाठवलेल्या प्रत्येक आवृत्तीची ही डीबग फाइल जपून ठेवा. क्रॅश आल्यावर नव्याने बांधलेली फाइल त्याच आवृत्तीशी जुळेलच याची खात्री नसते. बिल्ड-आयडी जुळणारी फाइलच उपयोगी पडते.