निसर्गाच्या शाळेत अभियंता

युद्धात पाय गमावलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोखंडाची जंघा बसवून दिल्याचा उल्लेख ऋग्वेदात आढळतो. गमावलेला अवयव परत मिळावा, ही मानवाची आकांक्षा किती प्राचीन आहे, हे त्यावरून दिसून येते. आज या आकांक्षेला विज्ञानाची जोड मिळाली आहे. प्राण्यांची शरीरे कशी हालतात, भार कसा पेलतात आणि झालेली इजा कशी भरून काढतात, याचा अभ्यास करून त्या तत्त्वांवर यंत्रे, अवयव व पदार्थ घडविणे, हे जैवप्रेरित यंत्रविद्या आणि जैवअभियांत्रिकी यांचे कार्य होय. या शास्त्राचा आवाका डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूपासून मोठ्या यंत्रमानवापर्यंत पसरलेला आहे. पुणे शहर व परिसरातील तीन संस्थांच्या कार्यावरून त्याची चांगली कल्पना येऊ शकते.

पाषाण : रेणूंची बोटे

पाषाण येथे १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा स्थापन झाली. तेथे डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आदी शास्त्रज्ञांनी जलजेल या वर्गातील पदार्थांचा सखोल अभ्यास केला. भरपूर पाणी धरून ठेवणारा, जेलीसारखा मऊ असा हा पदार्थ असतो. आपल्या त्वचेला चीर पडली, तर ती काही दिवसांत आपोआप भरून येते. निर्जीव पदार्थाला हा गुण देता येईल काय, हा संशोधकांपुढील प्रश्न होता. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शास्त्रज्ञांसमवेत या दोघांचाही सहभाग असलेले संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. जेलच्या रेणुसाखळीला बोटांसारख्या लोंबत्या शाखा जोडल्या आणि त्यांची लांबी नेमकी राखली, तर कापलेले दोन तुकडे आम्ल माध्यमात काही सेकंदांतच एकमेकांना धरून सांधले जातात, असे त्यात दिसून आले. शाखा फार आखूड असतील, तर त्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. फार लांब असतील, तर त्या आपल्यातच गुंतून पडतात. जठरातील रस आम्लधर्मी असल्यामुळे जठराला पडलेले छिद्र बुजविण्यासाठी असा पदार्थ उपयोगी पडू शकेल, अशी अपेक्षा त्यातून निर्माण झाली.

दिघी : धोका पत्करणारा हात

संरक्षण संशोधन व विकास संघटनेची अभियांत्रिकीविषयक संस्था दिघी येथे आहे. तेथे विकसित झालेले ‘दक्ष’ हे दूरनियंत्रित वाहन २०११ साली सैन्यदलाच्या सेवेत रुजू झाले. ते जिना चढते, अरुंद वाटेने जाते आणि संशयास्पद वस्तू आपल्या यांत्रिक हाताने उचलून क्ष-किरणांनी तपासू देते. स्फोटकाजवळ जवानाऐवजी यंत्र जाते, हे त्याचे मोल. निसर्गाचे अनुकरण किती करावे, याचा विवेकही त्यात दिसतो. निसर्गात चाकावर चालणारा प्राणी नाही; तरीही हे वाहन चाकांवरच चालते, कारण तेथे चाक अधिक सोयीचे. मात्र पकडण्या-उचलण्याच्या कामासाठी सांध्यांनी जोडलेल्या हाताचीच रचना स्वीकारण्यात आली.

वानवडी : माणसाच्या मापाचा अवयव

दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्याच्या लष्करी परिसरात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पुढे नागरिकांनाही त्याचा लाभ मिळू लागला. येथील काम सर्वांत अवघड म्हणावे लागेल. कारण येथे यंत्राची गाठ जिवंत शरीराशी पडते. मानवी हातात २७ आणि पायाच्या पावलात २६ हाडे असतात. त्यांची हुबेहूब नक्कल करण्याची आवश्यकता नसते. त्यांचे कार्य साधले पाहिजे. १९६८ च्या सुमारास जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा व शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविलेले ‘जयपूर फूट’ हे याचे उत्तम उदाहरण होय. पाश्चात्त्य बनावटीचे पाऊल बुटात घालून वापरायचे होते. त्यावर उकिडवे बसता येत नसे. रबर व लाकूड यांपासून केलेल्या जयपूर पावलाने अनवाणी चालता येते, मांडी घालता येते आणि चिखलातही उतरता येते.

विजेवर चालणाऱ्या कृत्रिम हाताचे तत्त्व याहून सूक्ष्म आहे. हात तुटला तरी उरलेल्या भागातील स्नायू मेंदूची आज्ञा पाळतच असतात. स्नायू आकुंचन पावताना निर्माण होणारा अत्यंत क्षीण विद्युत्-संकेत त्वचेवरून टिपून मोठा केला जातो आणि त्यानुसार मोटर बोटे मिटते किंवा उघडते. सर्वसाधारण यांत्रिक हाताला स्पर्शज्ञान नसते. त्यामुळे पेला किती घट्ट धरला आहे, हे वापरणाऱ्याला डोळ्यांनी पाहूनच ठरवावे लागते.

गावपातळीवरील कर्तव्य

कडबाकुट्टीत किंवा मळणी यंत्रात हात सापडून तो गमवावा लागल्याच्या घटना खेड्यांत घडतात. अशा वेळी केवळ अवयव उपलब्ध असून भागत नाही. खुंटाची जखम भरून सूज उतरेपर्यंत माप घेता येत नाही. परंतु या काळात व्यायाम टाळला, तर सांधा आखडतो आणि पुढे उत्तम अवयवही नीट बसत नाही. म्हणून रुग्ण घरी परतताच त्याला भौतिकोपचार मिळतो की नाही, याची चौकशी ग्रामपंचायत सदस्यांनी अवश्य करावी. वाढत्या वयाच्या मुलाचा कृत्रिम पाय काही काळाने आखूड व घट्ट होतो. विद्यार्थी लंगडू लागला किंवा पाय काढून वर्गात बसू लागला, तर ती टाळाटाळ न मानता अवयव बदलण्याची वेळ आली आहे, हे शिक्षकांनी ओळखावे.

गरजूंना साहाय्यक साधने पुरविण्याची केंद्र शासनाची योजना १९८१ पासून चालू आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये पुनर्वसन हा हक्क ठरला आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची आहे. त्या रकमेचा विनियोग ठरविताना आपल्या गावात कोणाचा अवयव मोडून खुंटीला टांगला गेला आहे, ही पाहणी आधी व्हावयास हवी.

पाषाणच्या जेलमध्ये शाखांची लांबी नेमकी असावी लागते, दिघीच्या यंत्रात चाक आणि हात यांची निवड कामानुरूप करावी लागते आणि वानवडीच्या अवयवाला माणसाचे माप घ्यावे लागते. निसर्गाचे रूप उचलून भागत नाही. ज्याच्यासाठी साधन घडवायचे, त्याच्या गरजेशी ते जुळावे लागते. ही जुळणी प्रयोगशाळेत सुरू होते. ती पूर्ण मात्र गावाच्या पारावर आणि शाळेच्या वर्गातच व्हावयाची असते.