दहा दिवसांचं दूधबिल एका बटणावर येईल का?

प्रश्न : आमच्या गावच्या दूध संस्थेत संगणकाचं काम मी बघते. दर दहा दिवसांनी संकलनाच्या मशीनमधली नोंद एक्सेलमध्ये घेते, पिव्होट टेबल करते आणि सभासदनिहाय लिटर, सरासरी फॅट आणि रक्कम काढते. गाय वेगळी, म्हैस वेगळी. दर वेळी तेच क्लिक, तीच आखणी. मॅक्रो रेकॉर्ड करून पाहिला. त्या दिवशी चालला, पुढच्या बिलाला एरर देऊन थांबला. असं का होतं? आणि यासाठी प्रोग्रॅमिंग शिकावं लागेल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमचा मॅक्रो बिघडलेला नाही. तुम्ही त्या दिवशी जे केलंत तेच तो अक्षरशः पुन्हा करायला गेला आणि तिथेच अडला. मॅक्रोचा जन्मच तसा आहे. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ मध्ये मॅक्रो म्हणजे कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबायच्या, हे एका सेलमध्ये लिहून ठेवणं एवढंच होतं. एक्सेलचा रेकॉर्डर आज त्याच गोष्टी व्हीबीए या भाषेत लिहितो, पण तुमचा हेतू त्याला कळत नाही.

नेमकं काय झालं असेल ते सांगतो. पिव्होट टेबल घालताना तुम्ही ‘न्यू वर्कशीट’ निवडलंत. एक्सेलने नवं पान उघडलं आणि त्याला नाव दिलं, समजा, शीट४. रेकॉर्डरने दोन ओळी लिहिल्या : नवं पान जोड, आणि शीट४ च्या तिसऱ्या ओळीत पिव्होट टेबल मांड. दहा दिवसांनी मॅक्रो चालवलात तेव्हा नवं पान निघालं शीट५, आणि दुसरी ओळ मात्र शीट४ शोधत राहिली. जुनं पान तिथेच असेल तर त्यावर आधीचं टेबल बसलेलं, आणि पान काढून टाकलं असेल तर जागाच नाही. पडद्यावर येणारी ५ किंवा १००४ क्रमांकाची रन-टाइम एरर बहुतेक वेळा याच कारणाने येते.

खरी काळजी मला त्या एररची वाटत नाही, कारण ती दिसते तरी. रेकॉर्डर डेटाची हद्दही आकड्यांत बांधून ठेवतो. रेकॉर्ड करताना ४१२ ओळी असतील, तर तो कायम ४१२ व्या ओळीपर्यंतच वाचणार. पुढच्या बिलाला ४५५ ओळी आल्या, तर शेवटच्या ४३ नोंदी गुपचूप बाहेर राहतील. एरर नाही, सूचना नाही, टेबल नीटनेटकं. फक्त काही सभासदांच्या बिलातून दूध गायब.

म्हणून माझा आग्रह असा की पिव्होट टेबल दर वेळी नव्याने करूच नका. एकदाच नीट करा आणि तेच कायम ठेवा. डेटाच्या पानावर कंट्रोल आणि टी दाबून त्या नोंदींचं ‘टेबल’ करा, त्याला नाव द्या, आणि पिव्होटला डेटा म्हणून तेच नाव सांगा. आता ओळी वाढल्या की टेबलची हद्द आपोआप वाढते. दर दहा दिवसांनी जुन्या ओळी आधी काढायच्या, मगच नव्या चिकटवायच्या. नुसत्या वरून चिकटवल्या आणि नव्या ओळी कमी असल्या, तर खाली मागच्या बिलाच्या नोंदी शिल्लक राहतात. मग डेटा टॅबवरचं ‘रिफ्रेश ऑल’ दाबायचं. टेबलाची आणि पानांची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवा. व्हीबीएच्या खिडकीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, आणि ‘संकलन’ नावाचं पान मॅक्रोला सापडत नाही.

आखणीचा त्रासही मॅक्रोशिवाय सुटतो. पिव्होट टेबल ऑप्शन्समध्ये रिफ्रेशनंतर फॉरमॅटिंग राखण्याची खूण ठेवा आणि रकान्यांची रुंदी आपोआप बदलण्याची खूण काढा. गाय आणि म्हैस वेगळी हवी, तर दुधाचा प्रकार फिल्टरमध्ये टाका आणि ‘शो रिपोर्ट फिल्टर पेजेस’ म्हणा. प्रत्येक प्रकाराचं वेगळं पान तयार होतं. ही सोय एक्सेलमध्ये कित्येक वर्षं आहे, तरी लोक तिच्यासाठी हाताने मॅक्रो लिहीत बसतात.

आता सरासरी फॅट. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण बटणावर काम टाकण्याआधी बघायलाच हवं. पिव्होटमध्ये फॅटच्या रकान्याला ‘ॲव्हरेज’ लावलं असेल, तर आकडा चुकीचा येतोय. सभासदाने सकाळी ४.० फॅटचं १० लिटर आणि संध्याकाळी ५.२ फॅटचं २ लिटर घातलं, तर साधी सरासरी ४.६ येते. पण जास्त दूध सकाळचं आहे, त्यामुळे खरी सरासरी ४.२. उपाय असा : टेबलमध्ये शेवटी एक रकाना वाढवून त्यात लिटर गुणिले फॅट काढा. मग पिव्होटमध्ये ‘कॅल्क्युलेटेड फील्ड’ घालून त्या रकान्याला लिटरने भागा. हे फील्ड आधी दोन्ही बेरजा करतं आणि नंतर भागतं, म्हणून उत्तर बरोबर येतं. चुकीचं गणित बटणावर बसवलं, की ते दर दहा दिवसांनी बिनबोभाट होत राहतं आणि कुणी तपासत नाही.

मशीनमधून येणारे सभासद क्रमांकही एकदा बघून घ्या. ‘०१२’ हा मजकूर आणि १२ हा आकडा पिव्होटच्या लेखी दोन वेगळे सभासद. नावामागे एक रिकामी जागा राहिली तरी तेच. आणि रक्कम मजकूर म्हणून उतरली असेल, तर ती बेरजेत धरलीच जात नाही.

एवढं झाल्यावर मॅक्रोला काम उरतं ते थोडं, पण खरोखर त्याचंच : मागच्या ओळी पुसणं, क्रमांक साफ करणं, रिफ्रेश करणं, छपाईची पानं काढणं. यातलं रिफ्रेश म्हणजे व्हीबीएची एक ओळ, ‘धिसवर्कबुक.रिफ्रेशऑल’. शेवटी आणखी एक काम त्याच्यावर टाका. मूळ नोंदींच्या रकमेची बेरीज आणि पिव्होटची एकूण रक्कम शेजारी शेजारी लिहायची, आणि फरक शून्य नसेल तर तसा संदेश द्यायचा. तो शून्य बघितल्याशिवाय बिलं छापू नका. आणि मॅक्रो चालवण्याआधी फाइलची प्रत ठेवा, कारण मॅक्रोने केलेला बदल कंट्रोल झेडने मागे घेता येत नाही.

प्रोग्रॅमिंगचं म्हणाल तर अभ्यासक्रम लावायची गरज नाही. रेकॉर्ड केलेला मॅक्रो उघडून वाचता आला आणि त्यातलं पानाचं नाव किंवा हद्द कुठे लिहिली आहे ते ओळखता आलं, की तुमचं काम भागतं. ऑल्ट आणि एफ११ दाबलं की तो दिसतो. एकेक पायरी वेगळी रेकॉर्ड करा, वाचा, मग जोडा. फाइल मात्र मॅक्रोसाठीच्या एक्सएलएसएम प्रकारात जतन करायची, नाहीतर एक्सेल मॅक्रो टाकून देतं.

कुणाची तयार मॅक्रो फाइल व्हॉट्सॲपवर आली, तर ती वापरू नका. मार्च १९९९ मधला मेलिसा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली, ती अशाच अनुभवांमुळे. ज्या संगणकावर सभासदांचे खातेक्रमांक आहेत, तिथे ही अडवणूक उठवू नका. मॅक्रो स्वतःच्या फाइलमध्ये स्वतःच रेकॉर्ड करा.

संस्थेत एक्सेल नसेल आणि गूगल शीट्स वापरत असाल, तर तिथे पिव्होट टेबल स्वतःच ताजं होतं आणि २०१८ पासून मॅक्रो रेकॉर्डरही आहे. त्याची भाषा ॲप्स स्क्रिप्ट, व्हीबीए नव्हे, त्यामुळे एक्सेलचा मॅक्रो तिथे चालणार नाही. लिब्रेऑफिसमध्ये रेकॉर्डर आहे, पण ऑप्शन्समधल्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात जाऊन तो आधी सुरू करावा लागतो. फॅटच्या सरासरीची दुरुस्ती मात्र कोणताही प्रोग्रॅम वापरलात तरी करावीच लागेल. पुढच्या बिलाआधी तीच पहिली करा.