गाडी कोरी आहे तोवर

पोरी,

गाडीला हार घातलास, नारळ फोडलास, चाकाखाली लिंबू ठेवून पहिली फेरी मारलीस. फोटो पाहिले, बरं वाटलं. मग तुझा निरोप आला, "मामा, गाडीची बारीकसारीक कामं मला स्वतः करायचीत. कुठून सुरुवात करू?" एकतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपात हात काळे केलेल्या माणसाला भाचीनं हे विचारलं, तर तो फोनवर दोन वाक्यांत आटोपेल होय? म्हणून सवडीनं लिहितोय.

सुरुवात आजच कर, पण पाना न उचलता. लोक गाडी बिघडली की शिकायला बसतात. पण काय चुकलंय हे कळायला बरोबर काय असतं हे आधी माहीत हवं. तुझी गाडी आत्ता कोरी आहे, म्हणजे सगळं जागच्या जागी आहे. असे दिवस पुन्हा मिळत नाहीत.

आधी वही, मग पाना

एक चाळीस पानी वही घे. पहिल्या पानावर आजची तारीख आणि किलोमीटर लिही. मग सीटखालची पुस्तिका काढ आणि मोजायला बस. क्लचचा लिव्हर टोकाशी किती मोकळा हलतो? पुढचा ब्रेक किती दाबल्यावर धरतो? चेन किती सैल आहे? एका लिटरला किती पळते? सकाळी थंड गाडी चालू केल्यावर आवाज कसा येतो आणि किती वेळानं निवांत होतो? सगळं लिहून ठेव.

तुझी आई दुसऱ्या खोलीत बसून कुकरच्या आवाजावरून आतलं पाणी संपल्याचं ओळखते. तिला ते कुणी शिकवलेलं नाही. रोजचा बरोबर आवाज तिच्या कानात बसलाय, एवढंच. तुलाही हेच साधायचंय.

फुकटच्या सर्व्हिसा बुडवू नकोस

पहिली सर्व्हिस बहुधा ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान असते. ती आणि पुढच्या फुकटच्या सगळ्या कंपनीच्या सेंटरमध्येच कर, पुस्तिकेवर शिक्का घे. नाहीतर उद्या वॉरंटीच्या वेळी वाद होतो. मात्र गाडी टाकून ऑफिसला पळू नकोस. त्या दिवशी अर्धी रजा काढ, मेकॅनिकला चहा पाज आणि परवानगी असेल तिथवर बाजूला उभी राहा. प्रश्न विचार, पण काम चालू असताना मध्ये हात घालू नकोस.

पहिलं तेल काढतील तेव्हा एक थेंब बोटावर घेऊन उन्हात बघ. बारीक चमचम दिसली तर घाबरू नकोस. नव्या इंजिनातले भाग एकमेकांना घासून बसतात, त्यांचा तो कीस आहे. म्हणूनच ते तेल लवकर बदलतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी तेवढीच चमचम दिसली तर मात्र विचारायचं.

हत्यारं थोडी, पण चांगली

गाडीबरोबर आलेला संच अडीनडीला आहे, रोजच्या कामाला नाही. ८ ते १७ नंबरचे रिंग पाने, टी पाने, ॲलन कीचा संच, चांगला स्क्रू ड्रायव्हर, हवा मोजायचा गेज, एवढं वेगळं घे. मागच्या चाकाचा नट याहून मोठा निघाला तर त्या मापाचा पाना वेगळा घे. फिक्स पाना बोल्टला दोनच बाजूंनी धरतो आणि घसरला की कोन खाऊन टाकतो. रिंग पाना सगळीकडून धरतो. पुढेमागे पैसे साठले की टॉर्क पाना घे. का, ते पुढे सांगतो.

चेन

हे तुझं पहिलं काम. ५०० किलोमीटरला एकदा, पावसात त्याहून लवकर. गाडी डबल स्टँडवर घे, न्यूट्रल कर आणि चावी काढून खिशात टाक. चावी खिशात म्हणजे खिशातच. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला कापड लावलेल्या एकाचं बोट गेलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. चाक हातानं फिरव.

मऊ ब्रश आणि चेन क्लीनरनं माती काढ. पेट्रोल वापरू नकोस. ओ-रिंगच्या चेनमधलं रबर त्यानं खराब होतं, आणि पेट घ्यायची भीती वेगळीच. जुन्या बनियननं पुसून कोरडी कर. मग खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूनं ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब सोड. आतून सोडलेलं तेल चाक फिरताना बाहेरच्या अंगाला पोचतं. जास्तीचं पुसून घे. चेन निथळत ठेवली की तिला माती चिकटते, आणि तेल टायरवर उडालं तर वळणावर गाडी पायाखालून जाते.

आता मोज. खालच्या पट्ट्याच्या मधोमध बोट लाव, वर-खाली हलव, पट्टी धर. तुझ्यासारख्या गाड्यांना ही हालचाल साधारण २५ ते ३० मिलिमीटर असते. नेमका आकडा, आणि तो कुठल्या स्टँडवर मोजायचा, हे पुस्तिकेत बघ. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी मोज, कारण चेन सगळीकडे सारखी ताणली जात नाही. जिथे सर्वांत घट्ट लागेल तो आकडा धरायचा.

नवशिक्या माणसाला चेन तारेसारखी ताणायचा मोह होतो. पण तू गाडीवर बसलीस, मागे मैत्रीण बसली, खड्डा आला, की मागचं चाक वर उचललं जातं आणि चेन आणखी ताणते. सैलपणा तेवढ्यासाठीच ठेवलेला असतो. तो नसला तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो. ताण बदलताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेव आणि मागचा नट आवळल्यावर पुन्हा मोज. आवळताना माप हमखास हलतं.

बोल्टला राग दाखवायचा नाही

हे मी स्वतःची फजिती करून शिकलोय. माझी पहिली गाडी जुनी सीडी १००. तेल मीच बदललं. गळायला नको म्हणून खालचा बोल्ट आवळला. समाधान होईना, म्हणून पान्याला पाइप लावून आणखी आवळला. आवळता आवळता बोल्ट एकदम लोण्यात फिरल्यासारखा फिरला. हाताला कळलं होतं, पण मन मानेना. तसाच निघालो. कुंभार्ली घाटात थांबून खाली वाकलो, तर मागे रस्ताभर काळे थेंब. आटे गेले होते.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपातले उस्ताद म्हणाले, "बोल्टला राग दाखवायचा नसतो." मग समजावलं. बोल्ट पोलादाचा, केसिंग ॲल्युमिनियमचं. जास्त जोर लावला की मऊ धातू हार मानतो. बोल्ट चार आण्याचा, केसिंग गाडीच्या जिवाचं.

तेव्हा बोल्ट आधी बोटांनी चार-पाच आटे फिरव. अडखळला तर मागे घे, पुन्हा लाव. पाना शेवटी. वॉशर दर वेळी नवा. आणि किती आवळायचा ते पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. टॉर्क पाना त्यासाठी. दहा वेळा त्यानं आवळलंस की तेवढा जोर हाताला पाठ होतो.

तेल पुस्तिकेतल्या ग्रेडचंच, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलंय का ते बघ. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. कारचं तेल घातलं तर क्लच घसरू शकतो. इंजिन जरा कोमट असताना तेल काढ, तापलेलं असताना नको. निघालेलं तेल गटारात ओतू नकोस. डब्यात भरून गॅरेजमध्ये दे.

टायर आणि ब्रेक

हवा सकाळी, टायर थंड असताना मोज. चेनकव्हरजवळच्या स्टिकरवरचा आकडा पाळ. टायरच्या कडेवर छापलेला असतो तो जास्तीत जास्त दाबाचा. तिथेच चार आकडे सापडतील. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. डिस्कवर तेल किंवा पॉलिश उडू देऊ नकोस, आणि पॅडवरच्या खाचा बुजत आल्या की पॅड बदल.

पाणी शिरलं तर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली, तेव्हा गल्लोगल्ली गाड्या चिखलात होत्या. पाणी ओसरल्यावर पुष्कळांनी पहिलं काय केलं? सेल्फ मारला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. धुऊन-पुसून चालू झाली असती ती गाडी इंजिन उघडायच्या खर्चात जाते. तुझ्या पुण्यातही पावसात रस्त्यांचे ओढे होतात, म्हणून लक्षात ठेव. गाडी बुडाली तर सेल्फ नाही, किक नाही. बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर काढ, मग पॉझिटिव्ह, आणि गाडी टेम्पोत घालून ने. तेल दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय.

कुठे थांबायचं

एबीएसला हात लावायचा नाही. ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलचा पंप, हँडलचं बेअरिंग हे जाणत्याचं काम. मोठ्या हॉर्नसाठी वायर तर मुळीच कापायची नाही. त्यात तुझा कमीपणा नाही. चाकाची कामं स्वतः केलीस तर पहिले दोन दिवस निघताना सगळे नट पुन्हा तपास. मी अजून तपासतो.

रविवारी चेन कर. झाली की फोन कर, पण चकचकीत चेनचा फोटो पाठवू नकोस. वहीत पहिल्या दिवशी किती मिलिमीटर लिहिलं होतंस आणि आज किती भरली, तेवढं सांग.

तुझा मामा