जुन्या संगणकावर संगीतनिर्मिती

माध्यमिक शाळांच्या संगणक कक्षांत आणि ग्रामपंचायतींच्या कार्यालयांत असे संगणक हमखास आढळतात, की ज्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात आहे, परंतु ज्यांच्यावरील कापडी आच्छादन महिनोन्‌महिने उचलले जात नाही. दोन गिगाबाईट मेमरी, साधा प्रोसेसर आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, एवढेच त्यांचे बळ. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीस मिळणारे नियमित साहाय्य मायक्रोसॉफ्टने थांबविल्यानंतर तर अशा यंत्रांवर ‘निरुपयोगी’ असा शेरा मारून मोकळे होण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. अशा संगणकावर संगीताचे काम होऊ शकेल, असे कोणी म्हटल्यास ऐकणारा हसेल. परंतु ते होऊ शकते. त्यासाठी कामाची पद्धत मात्र बदलावी लागते.

या विषयाकडे केवळ हौस म्हणून पाहणे योग्य होणार नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अनेक सहकाऱ्यांच्या साहाय्याने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, ही गोष्ट पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती थांबली. ज्यांना या ओव्या आजही मुखोद्गत आहेत, त्या स्त्रिया बहुधा वृद्ध आहेत. नव्या संगणकाची मागणी, अंदाजपत्रकातील तरतूद, निविदा आणि खरेदी हे सोपस्कार पार पडेपर्यंत ते आवाज आपल्यासाठी थांबून राहतील, असे गृहीत धरता येत नाही. जो संगणक हाताशी आहे, त्याच्याकडूनच काम करून घेणे प्राप्त आहे.

भार नेमका कशाचा?

संगणक ध्वनी साठवितो तो आकड्यांच्या रूपाने. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात दर सेकंदास ४४,१०० वेळा ध्वनिलहरीचे माप घेतले जाते आणि प्रत्येक मापास दोन बाईट जागा लागते. म्हणजे एकेरी मुद्रणाच्या एका मिनिटास सुमारे ५.३ मेगाबाईट जागा पुरते. गायिका, पेटी, तबला, झांज आणि साथीचे आवाज असे एकूण आठ पदर एकाच वेळी ऐकावयाचे झाल्यास संगणकाला डिस्कवरून सेकंदाला सुमारे सात लाख बाईट वाचावे लागतात. हा आकडा एक मेगाबाईटहूनही कमी आहे, आणि जुनी हार्ड डिस्कसुद्धा याच्या कित्येक पट वेगाने वाचू शकते. तेव्हा मुद्रण करणे आणि ते ऐकणे यात यंत्राची दमछाक होत नाही.

दमछाक होते ती दोन कारणांनी. आजकालच्या संगीतविषयक आज्ञावल्यांबरोबर तयार वाद्यांचे मोठमोठे संग्रह येतात. एकाच पियानोची प्रत्येक पट्टी हलक्या हाताने, मध्यम हाताने आणि जोराने वाजवून मुद्रित केलेली असते. अशा एकेका वाद्यास कित्येक गिगाबाईट लागतात. ज्या यंत्राची सारी मेमरीच दोन गिगाबाईट, त्याने हे ओझे उचलावे कसे? दुसरे कारण म्हणजे घुमारा, प्रतिध्वनी, आवाजाची चढउतार बांधणे इत्यादी संस्कार. हे संस्कार मूळ मुद्रणात साठविलेले नसतात. गीत वाजत असताना संगणक ते क्षणोक्षणी नव्याने गणित करून काढतो. आठ पदरांवर आठ निरनिराळे घुमारे लावले, की तेच गणित आठ वेळा करावे लागते.

याउलट स्वरांची केवळ नोंद ठेवावयाची असेल, तर जागा जवळजवळ लागतच नाही. १९८३ साली प्रसृत झालेल्या ‘मिडी’ या संकेतपद्धतीत स्वर सुरू झाल्याची सूचना तीन बाईटांची आणि तो थांबल्याची सूचनाही तीन बाईटांची असते. हजार स्वरांची चाल सहा हजार बाईटांच्या आसपास मावते. भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत जसा प्रत्यक्ष नाद नसतो, वाजविणाऱ्यास सूचना तेवढ्या असतात, तसेच हे आहे.

पाचशे बारा किलोबाईटांतील संगीत

साधने तोकडी असताना काय करता येते, याचे एक उदाहरण येथे दिले पाहिजे. १९८७ साली बाजारात आलेल्या अमिगा ५०० या घरगुती संगणकाची मेमरी ५१२ किलोबाईट होती, म्हणजे आपल्या ‘निरुपयोगी’ संगणकाच्या चार हजारांश. त्याच वर्षी कार्स्टन ओबार्स्की या जर्मन संगीतकाराने त्यासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ ही आज्ञावली तयार केली. एका वेळी चारच आवाज वाजविण्याची त्या यंत्राची शक्ती. ओबार्स्की यांच्या रचनेत वाद्याचा एकच लहानसा नमुना मुद्रित करून घेतला जाई; तोच भराभर वाजविला की वरचा स्वर, सावकाश वाजविला की खालचा. स्वर एकाखाली एक अशा ६४ ओळींच्या तक्त्यात लिहावयाचे आणि यंत्राने तो तक्ता वरून खाली वाचत जावयाचे. पुढे अनेक वर्षे संगणकावरील खेळांचे संगीत या रीतीने तयार झाले.

या पद्धतीच्या आज्ञावल्यांना ट्रॅकर म्हणतात. त्यांपैकी मिल्कीट्रॅकर ही विनामूल्य असून अत्यंत जुन्या यंत्रावरही चालते. आपल्या तालांशी तिचे चांगले जुळते, हे शिक्षकांच्या ध्यानात आणून द्यावेसे वाटते. मात्रेस एक ओळ दिली, तर ६४ ओळींत त्रितालाची चार आणि केरव्याची आठ आवर्तने नेमकी बसतात. तक्त्याची लांबी बदलता येत असल्याने एकतालासाठी ४८ आणि रूपकासाठी ५६ ओळी घ्याव्यात. तबल्याचे ‘धा’, ‘ना’, ‘तिं’ असे एकेक बोल शाळेतीलच एखाद्या वाजविणाऱ्याकडून मुद्रित करून घेतले, तर विद्यार्थ्यांना ठेका स्वतः लिहिता येतो आणि तालाचे गणित फळ्यापेक्षा तेथे लवकर उमजते. मींड आणि गमक मात्र असे तुकडे जोडून साधत नाहीत. तेव्हा गळ्याचे काम गळ्याकडेच ठेवावे आणि यंत्राकडे ठेका, तंबोरा व साथ एवढेच सोपवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष कामाची रीत

प्रथम यंत्र उघडून पंख्यातील धूळ काढावी. ही सूचना क्षुल्लक वाटेल. परंतु प्रोसेसर तापला की तो आपला वेग आपणच कमी करतो, आणि दोष मात्र आज्ञावलीस दिला जातो. खर्चाची थोडी सवड असेल, तर मेमरी वाढवावी आणि फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. प्रणाली म्हणून हलक्या स्वरूपाची लिनक्स वापरणे श्रेयस्कर. मात्र प्रोसेसर ६४ बिटचा आहे की ३२ बिटचा, हे आधी पाहावे. २०२५ साली आलेल्या डेबियन १३ पासून ३२ बिटच्या यंत्रावर ती प्रणाली नव्याने बसविण्याची सोय राहिलेली नाही.

मुद्रणासाठी ऑडॅसिटी आणि रचनेसाठी एलएमएमएस या दोन विनामूल्य आज्ञावल्या पुरेशा आहेत. एलएमएमएसच्या १.२ या आवृत्तीत प्रत्यक्ष मुद्रणाची सोय नाही, म्हणून दोन्ही लागतात; पण त्या एकाच वेळी उघडू नयेत. आधी मुद्रण, ते संपवून बंद करावे, मग रचना, शेवटी मिश्रण. एखाद्या पदरावरील काम मनासारखे झाले, की संस्कारांसह त्याची नवी ध्वनिफीत, म्हणजे वेव्ह फाइल, तयार करून घ्यावी आणि मूळ पदर बंद करावा. क्षणोक्षणीचे गणित एकदाच होऊन जाते व यंत्र पुढच्या पदरास मोकळे होते. मूळ पदर पुसू मात्र नये. घुमारा प्रत्येक पदरास वेगळा न लावता एकच सामाईक ठेवून सर्वांचा थोडा थोडा आवाज त्यात सोडावा. सारे गाणारे एकाच देवळात बसल्यासारखे वाटतात, हा त्यातील अधिकचा लाभ.

बफरविषयी बराच गैरसमज आहे. गावच्या पाण्याच्या टाकीसारखाच तो समजावा. प्रोसेसर टाकी भरतो, ध्वनियंत्र ती उपसते. भरण्यापूर्वी टाकी रिकामी झाली, की आवाजात तडतड येते. टाकी मोठी केली, तर तडतड थांबते, परंतु आवाज उशिरा पोहोचतो. २५६ मापांच्या बफरमुळे सुमारे ६ मिलिसेकंद विलंब होतो, १,०२४ मापांच्या बफरमुळे सुमारे २३. हवेत ध्वनी एवढ्या वेळात आठ मीटर जातो. म्हणजे तबलजी अंगणाच्या दुसऱ्या टोकास बसल्यासारखा भास होतो. संगणकातून फिरून आलेला स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्यास हा विलंब अडचणीचा होतो, म्हणून मुद्रणाच्या वेळी बफर लहान ठेवून अन्य सर्व संस्कार बंद करावेत. मिश्रणाच्या वेळी कोणी गात नसते. तेव्हा बफर खुशाल मोठा करावा.

मुद्रण करताना संगणकाचा इंटरनेटशी संबंध तोडावा. प्रस्तुत लेखकाने हे एकदा केले नाही. एक आजी दळणाच्या ओव्या सांगत होत्या आणि मध्येच यंत्राने आपली अद्ययावत करण्याची कामे सुरू केली. तीन ओव्या तडतडीत गेल्या. आजींनी त्या पुन्हा सांगितल्या, परंतु पहिल्या वेळी लेकीच्या आठवणीने आवाज जेथे दाटला होता, तेथे तो दुसऱ्यांदा दाटला नाही.

मोबाईलवर हे सारे होत नाही काय, असा प्रश्न येईल. मुद्रण होते, आणि पुष्कळदा जुन्या संगणकाच्या खळग्यात माइक खोवून केलेल्या मुद्रणापेक्षा ते स्वच्छही होते. वेव्ह स्वरूपात मुद्रण करणारे ॲप वापरून ते मागाहून संगणकावर आणावे. पंख्याची घरघरही टळते. पदर जुळविणे, नको ते काढणे आणि संग्रह नीट लावणे ही कामे मात्र मोठ्या पडद्यावरच सुकर होतात.

विजेचा भरवसा नसेल तेथे यूपीएसशिवाय मुद्रण करू नये. प्रत्येक ध्वनिफितीच्या नावात गाव, तारीख आणि क्रमांक असावा. गाणाऱ्याचे नाव, वय आणि त्यांची संमती वेगळ्या वहीत लिहून घ्यावी. मूळ मुद्रणाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या डिस्कवर ठेवाव्यात व त्यांपैकी एक डिस्क शाळेच्या इमारतीबाहेर, शक्यतो ग्रामपंचायतीच्या कपाटात असावी. तिसरी प्रत गाणाऱ्याच्या घरी द्यावी.