व्हॅनिशिंग पॉइंट कॅनव्हासबाहेर जातो तेव्हा

शंका : क्रितामध्ये एका जुन्या वाड्याचं चित्र करतोय. कॅनव्हास 4000 बाय 3000 पिक्सेलचा आहे, क्षितिजरेषा वरून 1000 पिक्सेलवर. दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट कडांपासून 600 पिक्सेल आत घेतले आहेत. जोत्याचा पुढचा कोपरा मधोमध, तळापासून 300 पिक्सेल वर आहे. सगळ्या रेषा नीट मिळतात, तरी हा कोपरा टोकदार होऊन अंगावर येतो. कुठे चुकतंय? – एक वाचक, सातारा

समाधान : रेषा बरोबर आहेत, बिंदू फार जवळ आहेत. तुमच्या दोन बिंदूंत 2800 पिक्सेल अंतर आहे. तेवढा व्यास घेऊन वर्तुळ काढलं तर त्रिज्या येते 1400, आणि तुमचा कोपरा क्षितिजाच्या 1700 पिक्सेल खाली, म्हणजे वर्तुळाच्या बाहेर पडतो. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. शिरोबिंदू वर्तुळाबाहेर गेला की कोन लहान होतो. हिशेब केला तर तुमचा कोपरा साधारण 79 अंशांचा झालाय. प्रत्यक्षात वाड्यासमोर उभं राहिलं तर जोत्याचा पुढचा कोपरा पसरट, काटकोनाहून मोठाच दिसतो. त्यामुळे डोळा तुमचं चित्र मान्य करत नाही.

व्हॅनिशिंग पॉइंट आपल्या सोयीने मांडायचे नसतात. पाहणारा चित्रापासून किती लांब उभा आहे आणि इमारत त्याच्याकडे किती वळलेली आहे, यावर त्यांच्या जागा ठरतात. हे लांबचं अंतर चित्राच्या रुंदीइतकं, तुमच्या बाबतीत 4000 धरा. नजरेचा आवाका मग साधारण 53 अंशांचा होतो आणि इमारतींना तो मानवतो. वाड्याच्या भिंती एकमेकींना काटकोनात आहेत, म्हणून डोळ्यापासून दोन्ही बिंदूंकडे जाणाऱ्या रेषाही काटकोनात असतात. इथे दहावीतलं भूमितीमध्याचं प्रमेय लागू पडतं : चित्राच्या मध्यापासून डाव्या आणि उजव्या बिंदूच्या अंतरांचा गुणाकार म्हणजे 4000 चा वर्ग. दोन्ही भिंती सारख्या वळलेल्या असतील तर दोन्ही बिंदू मध्यापासून 4000 वर येतील. एक बिंदू 2000 वर, म्हणजे नेमका कॅनव्हासच्या कडेवर घेतला, तर दुसरा 8000 वर जातो. तो कडेच्या बाहेर 6000 पिक्सेल, म्हणजे कॅनव्हासच्या दीड रुंदीइतका लांब पडला. या मांडणीत तुमचा तोच कोपरा साधारण 128 अंशांचा होतो. चित्राला हीच मांडणी शोभेल. दोन्ही बाजू सारख्या वळवलेली इमारत मला नेहमी थोडी निर्जीव वाटते.

क्रितात हे करायला वेगळी खटपट लागत नाही. असिस्टंट टूल घ्या, टूल ऑप्शन्समध्ये ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ निवडा आणि झूम इतका कमी करा की कॅनव्हास पडद्यावर लहानसा उरेल. बाजूच्या करड्या जागेतही क्लिक चालतं. मोजपट्टी म्हणून कॅनव्हासचीच रुंदी वापरा. लांबच्या बिंदूत 100 पिक्सेल इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. जवळचा मात्र चोख बसवा, आणि दोघांची उंची एकच ठेवा. मग ब्रश घेऊन त्याच्या टूल ऑप्शन्समध्ये ‘स्नॅप टू असिस्टंट्स’वर खूण करायला विसरू नका. असिस्टंट बसवूनही रेषा वाकड्या येतात, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांची ही खूणच राहिलेली असते.

शंका : फोटोशॉपमध्ये असं साधन सापडत नाही. पॉलिगॉन टूलने शंभर टोकांचा तारा काढून त्याचा मध्य व्हॅनिशिंग पॉइंट धरते. बिंदू लांब नेला की कॅनव्हासवर मोजक्याच रेषा उरतात. – एक वाचक, डोंबिवली

समाधान : युक्ती चांगली आहे. शंभर टोकं म्हणजे दर 3.6 अंशांना एक रेषा. वरच्या उदाहरणातल्या 8000 वरच्या बिंदूवरून पाहिलं तर कॅनव्हासची जवळची कड जेमतेम 28 अंशांत मावते, म्हणून सात-आठच रेषा मिळतात. टोकं शंभराहून वाढवता येत नाहीत. त्याऐवजी ताऱ्याच्या लेयरची प्रत काढा आणि मध्य न हलवता ती 1.8 अंशांनी फिरवा. रेषा दुप्पट होतील. तारा शेप लेयर म्हणूनच ठेवा, कितीही मोठा केला तरी रेघ फाटत नाही.

शंका : पेन्सिलचं स्केच स्कॅन केलंय. बिंदू कागदाबाहेर कुठे होता ते आता आठवत नाही. – एक वाचक, फोंडा

समाधान : बिंदू शोधत बसू नका, रेषा जुळवा. क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये पर्स्पेक्टिव्ह रूलर घ्या आणि ऑब्जेक्ट टूलने त्याच्या मार्गदर्शक रेषांची हँडल ओढून एक रेषा छपराच्या कडेवर, दुसरी जोत्याच्या कडेवर बसवा. बिंदू आपोआप आपल्या जागी जातो, मग तो कितीही लांब असो. क्रितात ‘पर्स्पेक्टिव्ह’ नावाच्या असिस्टंटचे चार कोपरे एका भिंतीच्या चार कोपऱ्यांवर ठेवले की तेच काम होतं. प्रोक्रिएटमध्ये ड्रॉइंग गाइडच्या पर्स्पेक्टिव्हमध्ये जाऊन चिमटीने कॅनव्हास लहान करा, बाहेर बोट टेकवून बिंदू घ्या आणि रेषा स्केचवर बसेपर्यंत तो सरकवा.

यातलं काहीच हाताशी नसेल तर भिंतीच्या दोन उभ्या कडा घ्या, दोन्हींचे सारख्याच संख्येने समान भाग करा आणि समोरासमोरच्या खुणा जोडा. सगळ्या रेषा त्याच अदृश्य बिंदूकडे जातात.

पत्र पाठवताना कॅनव्हासचं माप, क्षितिजरेषेची उंची आणि सॉफ्टवेअरचं नाव जरूर लिहा. नुसत्या चित्रावरून बिंदू किती लांब घ्यायचा, हे नेमकं सांगता येत नाही.