आनंद शिकावा लागतो

चि. सोनूस,


तुझं पत्र पोचलं. नोकरी चांगली आहे, रविवारची उपासना चुकत नाही, तरी मन प्रसन्न राहत नाही. मग माझा विश्वासच कमी पडतो का, असं तू विचारलंस. नाही, बाळा. लाजराच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं म्हणजे देवापाशी केलेला विलापच आहे, आणि मंडळी आजही ती प्रार्थना म्हणून वाचते. तेव्हा चर्चमध्ये हसरा चेहरा घेऊन जायची सक्ती स्वतःवर करू नकोस. रडू आलं तर देवासमोर रड.

या आठवड्यात फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र एका बैठकीत वाच. चारच अध्याय आहेत. पौलाने ते कैदेतून लिहिलं. आपण जगणार की मरणार हेही त्याच्यापुढे स्पष्ट नव्हतं, तरी आनंदाची गोष्ट तो पुन्हा पुन्हा काढतो. त्याचं मन कुठे गुंतलंय ते बघ. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली, तो मरणाच्या दारातून परतला, म्हणून पौल देवाचे उपकार मानतो. युवदीया आणि सुंतुखे यांनी एकमनाने राहावं म्हणून विनवतो. भरल्या घरात आणि उपासमारीतही समाधानी राहायला आपण शिकलो, असं सांगतो. प्रेषितालाही जे शिकावं लागलं, ते तुला एका प्रार्थनेत जमलं नाही म्हणून खचू नकोस.

आपल्या पंडिता रमाबाईंकडे बघ. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. 1882मध्ये पती गेले, पदरात लहानगी मुलगी मनोरमा. पुढे 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना केडगावला घेऊन आल्या. 1921मध्ये मनोरमाही गेली. 1922मध्ये स्वतः जाईपर्यंत रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतलेल्या होत्या. एवढं सोसणाऱ्या बाईचं आयुष्य सुखाचं होतं असं कोण म्हणेल? पण ते धन्य होतं, हे मी ठामपणे म्हणते. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने शोक करणाऱ्यांना आणि दयाळूंना एकाच दमात धन्य म्हटलं. रमाबाईंनी आपल्या दुःखातून दुसऱ्यांच्या दुःखाकडे वाट काढली, आणि ख्रिस्त त्यांना त्या वाटेवर भेटत राहिला.

आता तुझ्यापुरतं सांगते. आठवड्यातला एक दिवस कामापासून खरोखर मोकळा ठेव. शब्बाथ देवाने माणसासाठीच दिला. रात्री झोपण्याआधी त्या दिवसात ज्यांनी तुला आधार दिला त्यांची नावं घेऊन उपकार मान. उपासना संपली की लगेच निघू नकोस. मंडळीतल्या एखाद्या एकट्या आजीला घरी पोचवून ये. ज्या मैत्रिणीशी अबोला आहे, तिला तूच आधी फोन कर.

आणि झोप, भूक उडाली असेल, उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता. औषध घेणं हा अविश्वास नाही. बरं करणारे हातही देवच देतो.

पौलाचं पत्र वाचून झालं की मला फोन कर. तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते. प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो.

तुझी,
मावशी